एकमेकांच्या आधाराने सावरणारी भावंडे

घरातील माणसांकडूनच ज्या मुलांचा छळ होतो, त्यांच्या दुःखाला सहसा वाचा फुटत नाही. उपासमार, मारहाण, कोंडून ठेवणे, लैंगिक अत्याचार, सततची मानहानी अशी या छळाची अनेक रूपे आहेत. भारत सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांसंबंधी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांकडून माहिती घेण्यात आली होती. दर तीन मुलांपैकी दोन मुलांना मारहाण सोसावी लागली होती. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. यांतील बहुतेकांनी तोपर्यंत ही गोष्ट कोणाजवळही बोलून दाखविली नव्हती.

अशा मुलांविषयी समाजात दोन समजुती रूढ आहेत. ‘लहान आहे, विसरून जाईल’ ही पहिली, आणि ‘हे मूल आता कायमचे वाया गेले’ ही दुसरी. पहिल्या समजुतीमुळे मुलाला मदत मिळत नाही, आणि दुसरीमुळे मदत करणाऱ्याचा धीर खचतो. मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे चिकाटीने केलेल्या निरीक्षणांवरून या दोन्ही समजुती निराधार ठरल्या आहेत. जखम खोल असते, पण योग्य परिस्थिती लाभल्यास मूल सावरते. या सावरण्यात भावंडांचा परस्परांना मिळणारा आधार फार मोलाचा असतो. तरीही संकटग्रस्त मुलांची व्यवस्था लावताना हा आधारच पुष्कळदा तोडला जातो. यास्तव या विषयाचा थोडा तपशीलवार विचार करणे उचित ठरेल.

दोन जुळ्या भावांची कहाणी

चेकोस्लोव्हाकियातील ओलोमोउत्स येथील पालात्स्की विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ यार्मिला कोलुखोव्हा यांनी १९७२ साली दोन जुळ्या भावांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये त्यांनी दुसरा वृत्तांत लिहिला आणि १९९१ मध्ये, बावीस वर्षांच्या निरीक्षणानंतर, आणखी एक. बालपणातील छळातून सावरण्याविषयी जे लेखन झाले आहे, त्यात या अभ्यासाचा उल्लेख वारंवार येतो. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांची केवळ आद्याक्षरे देण्यात आली होती.

हे भाऊ १९६० साली जन्मले. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांची आई वारली. पहिले अकरा महिने ते बालकांच्या संस्थेत होते व तेथे त्यांची वाढ सर्वसाधारण होती. पुढे सहा महिने मावशीने त्यांना सांभाळले. त्यानंतर वडिलांनी दुसरे लग्न केले आणि सुमारे दीड वर्षाची ही मुले वडिलांच्या घरी आली. सावत्र आईने त्यांना घरातील इतर मुलांपासून तोडले. एका लहानशा, ऊब नसलेल्या खोलीत त्यांना ठेवले जाई आणि कित्येकदा बराच काळ तळघरात कोंडले जाई. जमिनीवर टाकलेला प्लॅस्टिकचा कागद हेच त्यांचे अंथरूण होते. अन्न अपुरे, मारहाण नित्याची. घरातील इतर मुलांना त्यांच्याशी बोलण्याची मनाई होती. अशा अवस्थेत त्यांची साडेपाच वर्षे गेली.

शेजाऱ्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते असे नाही. तळघरातून जनावराच्या ओरडण्यासारखे आवाज येत असल्याचे काहींनी ऐकले होते. वडील मुलांना रबरी नळीने मारत असल्याचे एका साक्षीदाराने पाहिले होते. परंतु त्या भांडखोर बाईशी वैर नको, म्हणून कोणी मध्ये पडले नाही. हा अनुभव एका देशापुरता मर्यादित नाही. ‘दुसऱ्याच्या घरची गोष्ट’ म्हणून गप्प बसण्याची सवय सर्वत्र सारखीच आढळते.

हे प्रकरण उजेडात आले ते शाळेमुळे. १९६७ च्या ऑगस्टमध्ये, शाळाप्रवेशाचे वय झालेल्या या मुलांपैकी एकाला घेऊन वडील बालरोगतज्ज्ञांकडे गेले. मुलगा शाळेस योग्य नाही असा दाखला त्यांना हवा होता. डॉक्टरांसमोर आलेला मुलगा जेमतेम तीन वर्षांचा दिसत होता व त्याला नीट चालताही येत नव्हते. डॉक्टरांनी प्रवेश लांबणीवर टाकण्यास संमती दिली, पण दोन्ही मुलांना बालवाडीत घालावे आणि समाजसेविका व परिचारिका यांच्यामार्फत घरची चौकशी व्हावी, असा आग्रह धरला. त्या चौकशीतून सर्व प्रकार बाहेर पडला. मुलांची सुटका झाली आणि खटला न्यायालयात गेला. प्रत्येक मुलाने शाळेत आलेच पाहिजे, या नियमानेच या दोन मुलांना अंधारातून बाहेर काढले असे म्हणण्यास हरकत नाही.

सुटकेच्या वेळची स्थिती

सुटका झाली तेव्हा मुले सात वर्षांची होत होती. दोघांनाही तीव्र मुडदूस झाला होता. पायात बूट घालून चालण्याचीही त्यांना सवय नव्हती. रस्त्यावरील वाहनांचा आवाज, किल्लीवर चालणारी खेळणी, दूरचित्रवाणी यांना पाहून ती भयभीत होत. चित्र म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हते, कारण त्यांनी चित्र कधी पाहिलेच नव्हते. बोलता येणारे शब्द अगदी थोडे होते. आपसांत ती मुख्यतः हातवाऱ्यांनी व्यवहार करीत. त्यांची मानसिक वाढ सुमारे तीन वर्षांच्या मुलाइतकी असल्याचे तपासणीत दिसून आले. मतिमंदत्व कायमचे राहील, असेच त्या वेळी कोणासही वाटले असते.

प्रथम रुग्णालयात त्यांच्या शरीरावर उपचार झाले. मग त्यांना बालगृहात ठेवण्यात आले. तेथे त्यांना वयाने लहान मुलांच्या सहवासात ठेवले होते व ही योजना उपयुक्त ठरली. लहान मुलांशी खेळताना त्यांना भीती वाटली नाही, की मागे पडल्याची लाजही वाटली नाही. त्यानंतर त्यांना मंद गतीने शिकणाऱ्या मुलांच्या शाळेत घालण्यात आले. तेथे त्यांची प्रगती अपेक्षेपेक्षा वेगाने झाली. पुढे ती सर्वसाधारण शाळेत, आपल्याहून लहान वयाच्या मुलांबरोबर शिकू लागली.

१९६९ च्या जुलैत त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले. दोन अविवाहित बहिणींनी या भावांचे प्रतिपालकत्व स्वीकारले. हे घर साधे होते, पण तेथे माया होती, नियमितपणा होता आणि उतावळेपणा नव्हता. दोघे भाऊ एकत्रच या घरी आले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

आठव्या वर्षी घेतलेल्या चाचणीत त्यांचे बुद्ध्यांक अनुक्रमे ८० व ७२ भरले होते. चौदाव्या वर्षापर्यंत दोघेही शंभराच्या आसपास, म्हणजे सर्वसाधारण पातळीवर पोहोचले. त्यांचे बोलणे समवयस्कांसारखे झाले. शाळेनंतर त्यांनी तांत्रिक शिक्षण घेतले, नोकरी धरली आणि पुढे लग्ने करून आपापले संसार थाटले. दोघांनाही मुले झाली. ज्यांना स्वतःला आईबापांची माया लाभली नाही, ते पुढे चांगले आईबाप होऊ शकत नाहीत, हा समजही येथे खोटा ठरला. अंधाराची भीती मात्र बराच काळ त्यांच्या मनात घर करून होती. सावरणे म्हणजे घडलेले पुसून टाकणे नव्हे. घडलेल्या गोष्टीसह पुढे चालता येणे, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो.

ही मुले का सावरली?

या प्रश्नाला एकच एक उत्तर देणे योग्य होणार नाही. आयुष्याचे पहिले दीड वर्ष या मुलांना बरी काळजी मिळाली होती, तो पाया मजबूत असावा. सुटका सातव्या वर्षी झाली, म्हणजे भाषा शिकण्याचे वय पूर्णपणे सरले नव्हते. नंतरचे घर उत्तम मिळाले. पण या सर्वांखेरीज एक गोष्ट साडेपाच वर्षे अखंड त्यांच्यापाशी होती. ती म्हणजे ते दोघे होते. तळघरातही हाक मारायला, खूण करायला, थंडीत बिलगायला एक माणूस होता. एकाच्या कृतीला दुसऱ्याकडून प्रतिसाद मिळत होता, आणि बालकाच्या मनाची वाढ अशा प्रतिसादावरच होत असते.

याच काळातील अमेरिकेतील एका मुलीच्या प्रकरणाशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. कॅलिफोर्निया राज्यात १९७० साली तेरा वर्षांची एक मुलगी सापडली. लहानपणापासून तिला एका खोलीत एकटीला बांधून ठेवलेले होते. सुटकेनंतर ती पुष्कळ शब्द शिकली. परंतु वाक्यरचना तिला कधीच पूर्णपणे साधली नाही. या दोन प्रकरणांत फरक अनेक आहेत. मुलीची सुटका फार उशिरा झाली, आणि सुरुवातीच्या प्रगतीनंतर तिला एका घरातून दुसऱ्या घरात फिरावे लागले. त्यामुळे केवळ भावंड नव्हते म्हणून ती मागे राहिली, असा निष्कर्ष काढता येत नाही. मात्र तिला सोबतीला कोणीच नव्हते, ही वस्तुस्थितीही दृष्टीआड करता येत नाही.

रक्ताच्या नात्याविना भावंडे

भावंडपण हे केवळ जन्माने येते असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तेरेझिन येथील नाझी छळछावणीतून सहा ज्यू बालके जिवंत बाहेर आली. तीन मुलगे व तीन मुली अशी ही सहा मुले सुमारे तीन ते चार वर्षांची होती. एक वर्ष पुरे होण्याआधीच त्यांचे आईबाप हिरावले गेले होते. छावणीत त्यांची काळजी घेणारी माणसे वारंवार बदलत. कायम होती ती फक्त ही सहा मुले एकमेकांपाशी. १९४५ च्या ऑगस्टमध्ये त्यांना इंग्लंडला आणण्यात आले आणि ऑक्टोबरपासून एक वर्ष ससेक्समधील ‘बुलडॉग्ज बँक’ नावाच्या घरात ठेवण्यात आले. ॲना फ्रॉईड यांच्या मार्गदर्शनाखाली सोफी व गर्ट्रूड डॅन या दोन बहिणींनी त्यांचा सांभाळ केला. त्याचा वृत्तांत ॲना फ्रॉईड व सोफी डॅन यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केला.

सुरुवातीला ही मुले मोठ्या माणसांना चावत, मारत, खेळणी मोडून टाकीत. आपसांत मात्र त्यांचे वागणे अगदी निराळे होते. एकाला फिरायला नेले व दुसऱ्याला मागे ठेवले, तर दोघेही अस्वस्थ होत. सर्वांना खाऊ मिळाला की नाही याकडे प्रत्येकाचे लक्ष असे. एरवी भावंडांत दिसणारा हेवा त्यांच्यात जवळजवळ नव्हता. सांभाळणाऱ्या बहिणींनी हा गट फोडण्याचा प्रयत्न केला नाही. मुलांचे परस्परप्रेम जसेच्या तसे राखून त्यांनी हळूहळू त्यांचा विश्वास संपादन केला. वर्षाच्या आत ही मुले मोठ्या माणसांवरही माया करू लागली आणि नवी भाषाही शिकली. मुलांचे आपसांतील प्रेम हा मोठ्यांवरील विश्वासाच्या मार्गातील अडसर नसून त्या विश्वासाकडे नेणारी ती पायरी आहे, हा या अनुभवाचा मुख्य धडा होय.

तिसरे उदाहरण हवाई बेटांपैकी कौआई बेटावरील आहे. तेथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व रूथ स्मिथ यांनी कित्येक दशके पाठपुरावा केला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचा मानसिक आजार किंवा व्यसन अशा अनेक संकटांत २०१ मुले वाढली. त्यांतील ७२ मुले, म्हणजे सुमारे एकतृतीयांश, कर्तबगार, विश्वासू व मायाळू प्रौढ झाली. या मुलांना आईवडील नाही तरी आजीआजोबा, थोरले भावंड, शिक्षक किंवा शेजारी यांपैकी एखाद्या माणसाचा तरी भरवशाचा आधार लाभला होता. आणखी असेही आढळले की, त्यांच्यापैकी अनेकांवर घरातील एखादे काम, विशेषतः धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम सोपविलेले होते. आपण कोणाला तरी हवे आहोत, ही भावना छळलेल्या मुलाला पुन्हा उभे राहण्याचे बळ देते.

थोरल्या बहिणीचा भार

मात्र हे सांगताना एक सावधगिरी बाळगणे जरूर आहे. आपल्याकडे घर मोडते तेव्हा घराची आई होण्याची पाळी बहुधा थोरल्या मुलीवर येते. दहा-बारा वर्षांची ताई धाकट्यांना जेवू घालते, बापाचा मार स्वतःच्या अंगावर घेते, रात्री जागी राहते. तिच्या या धैर्याचे कौतुक सर्वजण करतात. तिची शाळा सुटली याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. सुटकेनंतरही ती धाकट्यांवर पहारा ठेवते, त्यांच्या ताटाकडे आधी पाहते, आणि संस्थेतील काळजीवाहिकेने त्यांना उचलून घेतले तर चिडते. हा तिचा हट्ट नसतो. आपण बाजूला झालो तर धाकट्यांचे काय होईल, ही तिची जुनी भीती असते. तिची जबाबदारी एकदम काढून घेऊ नये. धाकट्याला निजवण्याचे काम काही दिवस तिच्याकडेच राहू द्यावे, आणि जसजसा तिचा मोठ्यांवर विश्वास बसेल, तसतसा भार हलका करावा. तिला खेळायला, अभ्यासाला व स्वतःचे दुःख बोलून दाखवायला वेळ मिळालाच पाहिजे.

भावंडांतील सर्वांवर सारखाच परिणाम होतो असेही नाही. कित्येक घरांत एकाच मुलाला लक्ष्य केले जाते व इतरांना वाचविले जाते. वाचलेल्या मुलाच्या मनात पुढे अपराधाची भावना डाचत राहते. एक भाऊ अबोल होतो, दुसरा आक्रमक होतो, तिसरा अभ्यासात बुडून जातो. ‘तुझी बहीण बघ कशी सावरली’ अशी तुलना या मुलांच्या बाबतीत कटाक्षाने टाळावी.

क्वचित एक भावंडच दुसऱ्याला छळत असल्याचे आढळते. मारहाण पाहत वाढलेले मूल धाकट्यावर तेच प्रयोग करते, किंवा लैंगिक अत्याचाराचा बळी झालेले मूल तसेच वर्तन दुसऱ्याशी करते. अशा वेळी त्यांना काही काळ वेगळे ठेवणे अपरिहार्य असते. हा निर्णय तज्ज्ञांनी प्रत्येक मुलाशी स्वतंत्रपणे बोलून घ्यावयाचा असतो.

कायद्याची भूमिका

महाराष्ट्रात बालसंरक्षणाच्या कार्याला मोठी परंपरा आहे. मुंबई इलाख्यात १९२४ साली बालकांविषयीचा स्वतंत्र कायदा झाला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. १९३७ मध्ये, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. याच संस्थेच्या उपक्रमातून १९९६ साली मुंबईत १०९८ ही बालकांसाठीची मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली व पुढे ती देशभर पसरली.

सध्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा या विषयावरील मुख्य कायदा आहे. त्यानुसार बालकल्याण समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, हे या कायद्याचे एक मूलभूत तत्त्व आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच त्याचा छळ केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत २०१२ चा स्वतंत्र अधिनियम असून, अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे.

भावंडांच्या दृष्टीने या अधिनियमाचे कलम ४४ विशेष महत्त्वाचे आहे. मुलांना प्रतिपालक कुटुंबात ठेवताना भावंडांना एकत्र ठेवण्यासाठी सर्व प्रयत्न केले जावेत. वेगळे ठेवणे त्यांच्याच हिताचे असेल तेवढाच अपवाद, असे त्यात नमूद केले आहे. ओलोमोउत्स आणि बुलडॉग्ज बँक येथील अनुभवातून जे शहाणपण हाती आले, तेच येथे कायद्याच्या भाषेत उतरले आहे.

प्रत्यक्षात मात्र अडचणी पुष्कळ येतात. मुलांचे बालगृह व मुलींचे बालगृह वेगळे असते. सहा वर्षांखालील बालकांची व्यवस्था आणखी निराळी असते. त्यामुळे अकरा वर्षांची बहीण, आठ वर्षांचा भाऊ आणि तीन वर्षांचे धाकटे बाळ यांची एकाच दिवशी तीन ठिकाणी रवानगी होण्याची शक्यता असते. आईबाप गमावलेल्या मुलांवर हा दुसरा आघात ठरतो. तो टाळण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे आत्या, मावशी, काका, आजी अशा विश्वासू नातेवाईकांकडे किंवा प्रतिपालक कुटुंबात तिघांचीही एकत्र व्यवस्था करणे. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना अशा कुटुंबांना अर्थसाहाय्य देते. पात्र कुटुंबांपर्यंत या योजनेची माहिती पोहोचविण्यात ग्रामपंचायत, शाळा व अंगणवाडी यांचा मोठा हातभार लागू शकतो.

वेगळे ठेवणे टळलेच नाही, तर काही साध्या गोष्टी कटाक्षाने पाळता येतील. भावंडे कोठे आहेत याची नोंद प्रत्येकाच्या कागदपत्रांत असावी. भेटीचा दिवस ठरलेला असावा व तो मुलांना सांगितलेला असावा. भेट ही चांगल्या वर्तनाचे बक्षीस म्हणून देऊ नये, आणि शिक्षा म्हणून तर ती कधीही रद्द करू नये. रक्षाबंधन व भाऊबीज या दिवशी बहीणभाऊ भेटतील अशी व्यवस्था संस्थांच्या अधीक्षकांनी आपसांत ठरवून ठेवावी. एकमेकांची छायाचित्रे मुलांजवळ असू द्यावीत. धाकट्याला दत्तक देण्याचा विचार असेल, तर थोरल्याचाही त्याच वेळी विचार व्हावा. भावंडांना एकत्र दत्तक घेण्याची सोय उपलब्ध आहे.

सांभाळणाऱ्यांसाठी काही गोष्टी

नव्या घरी किंवा संस्थेत आलेली ही मुले पुष्कळदा अन्न लपवून ठेवतात, अंथरूण ओले करतात, कोणी हात उचलला की डोके झाकून घेतात. काही मुले अनोळखी माणसालाही पटकन बिलगतात. हे सर्व छळाचे परिणाम आहेत. त्याबद्दल रागावून किंवा लाजवून उपयोग होत नाही. जेवणाची, झोपेची व शाळेची वेळ ठरलेली असली की मुलाच्या मनाला पुढच्या क्षणाचा भरवसा वाटू लागतो. काळजी घेणारे माणूस शक्यतो बदलू नये. रुमानियातील अनाथ बालकांविषयी २००० साली बुखारेस्ट येथे सुरू झालेल्या अभ्यासात, १३६ मुलांपैकी निम्म्यांना प्रतिपालक कुटुंबे देण्यात आली. जी मुले दोन वर्षांच्या वयाच्या आत कुटुंबात गेली, त्यांची माणसांशी नाते जोडण्याची शक्ती अधिक चांगली वाढली. तेव्हा निर्णय जितका लवकर, तितका बरा. पण उशीर झाला म्हणून प्रयत्न सोडणेही चुकीचे आहे, हे जुळ्या भावांच्या उदाहरणावरून दिसतेच.

घडलेला प्रसंग मुलाकडून पुन्हापुन्हा वदवून घेऊ नये. ते बोलू लागेल तेव्हा शांतपणे ऐकावे, त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि यात त्याची चूक नव्हती हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. भीती, निद्रानाश किंवा स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांची मदत विनाविलंब घ्यावी.

शिक्षकांची जबाबदारीही मोठी आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश व बरोबरी गाठण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याची तरतूद आहे. शाळेतील मारहाणीस याच कायद्याने बंदी आहे. नाव नोंदलेले मूल शाळेत आले नाही, एकाच घरातील भावंडांपैकी एकच मूल शाळेत येते, किंवा एखादे मूल उन्हाळ्यातही अंग झाकून बसते, अशा गोष्टी हजेरीपटावर सही करणाऱ्याच्याच प्रथम लक्षात येतात. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर यांनाही हेच लागू आहे. एका डॉक्टरने नुसता दाखला देऊन काम संपविले असते, तर त्या दोन भावांचे पुढे काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

सामान्य नागरिकाने स्वतः तपास करण्याची किंवा कोणाशी भांडण काढण्याची आवश्यकता नाही. संशय आल्यास १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा, अथवा पोलीस ठाणे, बालकल्याण समिती किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी यांना कळवावे. पुढील चौकशी करणे हे यंत्रणेचे काम आहे. कळविताना त्या घरात आणखी मुले आहेत काय, हेही आवर्जून सांगावे. एका मुलाची सुटका झाली आणि धाकटे तेथेच राहिले, असे घडता कामा नये. कारण सुटलेल्या मुलाचे मनही मग त्याच घरात अडकून राहते.